तेल झालं का, बघ

मावशींनी शेगडीवरची तेलाची वाटी उघड्या बोटांनी उचलून माझ्याकडे दिली. मी ती घेतली आणि त्याच क्षणी सोडली. तेल फरशीवर पसरलं, वाटी घरंगळत पलंगाखाली गेली. माझ्या बोटांना चांगलाच चटका बसला होता. मावशी मात्र वाटी गार असल्यासारख्या उभ्या होत्या.

"हात हायेत का लोणी? एवढीशी वाटी धरवंना झाली!"

पलंगावरची बाळंतीण हसली. तिच्या आईने, त्यांना मी काकू म्हणत होते, जुनं फडकं आणून दिलं. मी खाली बसून तेल पुसत राहिले. मी सहसा बोलत नाही. पण खालून मला मावशींचा उजवा हात दिसत होता. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाशी कातडी पांढरट पडून फुगायला लागली होती. त्याच बोटांनी त्या शांतपणे पदर खोचत होत्या.

रोज मालिश सुरू करण्याआधी त्या मला म्हणायच्या, "तेल झालं का, बघ गं." मी बोट बुडवायचे आणि मान हलवायचे. मला वाटायचं, त्या मला शिकवतायत. मनातून मी जरा खूशही होते. बाळाच्या अंघोळीचं पाणी त्या कोपर बुडवून पाहायच्या. पुष्कळ बायका तसं पाहतात, म्हणून मी त्याचा कधी विचार केला नव्हता. आता केला.

जिच्या बोटांना चटका कळत नाही, तिला दुसऱ्याच्या अंगातलं काय कळणार? आणि हे बाहेर समजलं, तर मुकुंदवाडीतलं एकही घर मावशींना पुन्हा बाळंतिणीला हात लावू देणार नव्हतं. हाताशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. नवरा गेलेला, मुलगी लांब दिलेली. मी फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. फरशी कधीच कोरडी झाली होती तरी पुसत राहिले.

मी मावशींसोबत का जात होते, ते सांगायला हवं. आमच्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी तोंडातून इंग्रजी शब्द निघाला की चुलत भावंडं नक्कल करायची. मी गप्प राहायला शिकले. आमची शेती देवगाव रंगारीला, वडील इथे नोकरीला. एवढी फी भरून शिकवलेली मुलगी कुठल्यातरी कंपनीत खुर्चीवर बसेल असं सगळ्यांनी धरलं होतं. मी पुण्याला जाऊन मालिशचं प्रशिक्षण घेतलं. आई अजूनही नातेवाइकांना सांगते, "फिजिओथेरपीसारखंच असतं ते." वडील काहीच सांगत नाहीत.

खरं म्हणजे मला कोणी स्पर्श केलेला आवडत नाही. लग्नाकार्यात बायका कौतुकाने गालाला हात लावतात, तेव्हा मी मागे सरकते. तरी हे काम मला जमलं, कारण यात समोरच्याचे डोळे मिटलेले असतात. माझ्याकडे कोणी पाहत नाही आणि मला सगळं दिसतं. कोणाचा एक खांदा कायम कानाकडे ओढलेला असतो. कोणी "आता बरं वाटतंय" म्हणतं आणि पायाची बोटं घट्ट आवळून घेतं. मला तोंडी उत्तरांपेक्षा ही उत्तरं जास्त कळतात.

पुण्याहून आल्यावर मी वेरूळच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात कामाला लागले. लेणी चढून-उतरून पाय भरून आलेले पर्यटक यायचे. मंद दिवे, मंद संगीत, गवती चहाचा वास. हात कुठून कुठे न्यायचा हे ठरलेलं होतं आणि समोर कोणीही असलं तरी तो क्रम बदलत नसे. एकदा पालथ्या झोपलेल्या एक बाई आवाज न करता रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात तसाच ठेवून थांबले. नंतर मला बोलावून सांगण्यात आलं की वेळ संपेपर्यंत हात चालू राहिला पाहिजे, लोक त्यासाठी येतात. त्यानंतर मी तिथे फार दिवस राहिले नाही.

मग आईनेच, कंटाळून, मावशींचं नाव काढलं. माझ्या जन्मानंतर आईची मालिश त्यांनी केली होती. मला न्हाऊही त्यांनीच घातलं. "हिचं डोस्कं नारळावानी व्हतं, म्या गोल केलं," असं त्या कोणासमोरही सांगतात आणि वर माझ्या डोक्यावर टपली मारून दाखवतात. त्यांचं माहेर आमच्याच गावाजवळचं, मेंढरं राखणारं. लहानपणी त्या वडिलांसोबत लोकर कातरायला बसायच्या. त्यांची सगळी विद्या तिथून निघते.

"मेंढी धरली की आदी ताठ होती," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "तवा कातर लावली तर कातडं फाटतंय. हात ठिवायचा अन् थांबायचं. तिनं अंग सोडलं की मंग."

"आणि नाहीच सोडलं तर?"

"तर आज कातरायची नाय. सोडून द्यायची."

पुण्याला शिकवणाऱ्या बाईंनीही आम्हाला आधी हात स्थिर ठेवायला शिकवलं होतं. पण मावशी किती थांबतात ते पाहिल्यावर मला कळलं की मी आजवर नुसती थांबल्यासारखं करत होते. त्या खरोखर वाट पाहायच्या. बाळंतीण बोलत असली तरी, बाळ रडत असलं तरी, त्यांचा तळवा तिथेच असायचा आणि मग कधीतरी त्या पाठीतून एक उसासा बाहेर पडायचा. माझ्या सगळ्या शिक्षणात मला हवं होतं ते हेच. म्हणून वाटी पडल्याच्या त्या सकाळी मला फक्त भीती वाटली नाही. रागही आला. कोणाचा, ते सांगता येत नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही निघताना बाळंतीण म्हणाली, "मावशी, डाव्या पोटरीत लई दुखतंय. पाय खाली टेकवला की जास्तच."

"वारं लागलं असेल," काकू लगेच म्हणाल्या. "काल खिडकी उघडली होती हिने. मी नको म्हणत होते."

"आई, मी उकडून मरेन या खोलीत."

"मरत नाहीस. आम्ही मेलो का?"

खोलीत खरंच उकडत होतं. खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, ओवा आणि बाळंतशोपेची धुरी, बाळंतिणीचे कान रुमालाने बांधलेले. पलंगावरून उठायचं ते फक्त बाथरूमला जायला. काकू लेकीला इकडची काडी तिकडे करू देत नव्हत्या, आणि याचा त्यांना अभिमान होता. मावशींनी पोटरीवरून हात फिरवला. "नस आखडली. उद्या चांगली दाबून काढते."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून निघाले. वाटेत मावशींना सांगायचं की तुमच्या बोटांना गरम कळत नाही, हे मला माहीत आहे, दवाखान्यात चला. मी वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं. रेल्वे स्टेशनपाशी त्या भेटल्या. बोटाला चिंधी बांधलेली. मी चिंधीकडे पाहिलं.

"चुलीवर भाजलं," त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडे गॅस आहे. मी "हं" म्हटलं आणि वाक्य गिळलं. गल्लीत शिरेपर्यंत मी ते तीनदा पुन्हा जुळवलं, आणि मग दार आलं.

गल्लीत नळाला पाणी येण्याचा दिवस होता. घराघरातून मोटारींचा आवाज, पाइप ओढत जाणारी माणसं. काकू पिंपं भरण्यात गुंतल्या होत्या. त्यामुळे रोज आम्ही येण्याआधी त्या लेकीला जो शेक देऊन ठेवायच्या, तो आज राहिला होता. शेगडीत निखारे नुकतेच घातलेले होते. हे सगळं मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

"तेल झालं का, बघ गं."

मी पाहिलं. कोमट होतं. मावशी डाव्या पायाशी बसल्या, मी उजव्या. बाळंतीण डोळे मिटून पडली होती. मी उजव्या पोटरीवर तळवा ठेवला आणि थांबले. पाय नेहमीसारखा होता, जरासा गारच. मग माझी नजर पैंजणांवर गेली. उजव्या घोट्यावर पैंजण सैल लोंबत होतं. डाव्या घोट्यावर ते कातडीत रुतलं होतं आणि घोट्याचं हाड दिसतच नव्हतं. नडगीवरची कातडी ताणून चकाकत होती.

मावशी हात ठेवून वाट पाहत होत्या. नेहमीपेक्षा बराच वेळ गेला.

"आज लई ताठ हाय," त्या पुटपुटल्या, आणि दोन्ही अंगठे जोडून त्यांनी पोटरीच्या मधोमध टेकवले. दाब द्यायच्या आधी त्या नेहमी खांदे थोडे पुढे झुकवतात. खांदे पुढे झुकले.

मी हात पलीकडे नेऊन त्यांच्या अंगठ्यांखाली सरकवला. ती पोटरी तापलेली होती. शेक दिलेला नसताना, एकच पाय, आणि आत दोरीसारखं काहीतरी कडक. पुण्याच्या वर्गातल्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यात जिथे हात लावायचाच नाही अशा गोष्टी लाल रंगात होत्या. बाळंतपणानंतर एकाच पायाला सूज, गरमपणा, दुखणं. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तो तक्ता मी परीक्षेसाठी पाठ केला होता. असा पाय मात्र मी कधी पाहिला नव्हता.

"थांबा," मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला.

बाळंतिणीने डोळे उघडले. काकू हात पुसत दारात आल्या. "काय झालं?"

"हात काढ," मावशी मला म्हणाल्या. "मधी काय घालती?"

"हा पाय नको."

"काऊन?"

उत्तर होतं, पण ते दोन वाक्यांचं होतं आणि पहिलं वाक्य बोललं की दुसरं आपोआप येणार होतं. पाय गरम आहे. तुम्हाला कळत नाहीये. काकू दारात उभ्या होत्या.

"अगं, बाळंतिणीचे पाय चोळायचे नाहीत तर काय चोळायचं?" काकू म्हणाल्या. "दुखतोय म्हणून तर दाबायचाय."

"काल वाटी पाडली, आज पाय नको म्हणती," मावशी हसून म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते. "इंग्लिश शाळंतली हाय ना. त्याहीच्यात मुहूर्त बघून पाय दाबत्यात."

बाळंतीण हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी मावशींचं मनगट धरलं. आजवर मी स्वतःहून त्यांना कधी हात लावला नव्हता. मी त्यांचा हात वाकवला आणि कोपर त्या पोटरीवर टेकवलं.

बाहेर कोणाचं तरी पिंप भरून वाहत होतं. मावशींनी पायाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. पाय तापलाय आणि त्यांच्या बोटांचं मला ठाऊक आहे, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच कळल्या हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्यातली कुठली जास्त लागली तेही दिसलं. मग त्यांनी माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं, पुढे वाकून स्वतःच उजव्या पोटरीवर कोपर ठेवलं, पुन्हा डाव्या.

"बाई, मोटर बंद करा," त्या काकूंना म्हणाल्या. "हिला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? अहो, सव्वा महिना व्हायचाय अजून. बाहेरचं वारं लागलं तर?"

"लागू द्या. कान बांधा अन् न्या."

"पण झालंय काय?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पुढचं सांगू शकत नव्हत्या, आणि मी सांगितलं नाही तर त्या उघड्या पडणार होत्या. "शिरेत रक्त गोठलेलं असू शकतं," मी म्हणाले. "नक्की माहीत नाही. नसेलही. पण कोणी चोळू नका, शेकू नका. चालवू नका तिला, खुर्चीत बसवून न्या. डॉक्टरांना आधी पोटरीचंच सांगा."

इतकी वाक्यं मी त्या घरात एका दमात कधी बोलले नव्हते. काकूंनी हातातला नॅपकिन तसाच धरून ठेवला होता. "असू शकतं म्हणजे? नसलं तर? ओल्या बाळंतिणीला उगाच फिरवायचं?"

"नसलं तर माझ्या नावानं बोटं मोडा," मावशी म्हणाल्या. "उठा आता."

त्यानंतर सगळं भराभर झालं. बाळंतिणीच्या वडिलांनी शेजारच्याची गाडी काढली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला दारापर्यंत नेलं. तिने जाताना माझा हात धरला आणि मी मागे सरकले नाही. काकू बाळाला दुपट्यात गुंडाळून तिच्या मागे धावल्या. घराकडे बघा, असं त्या ओरडून सांगून गेल्या.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मावशी बोटाची चिंधी सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या.

"कवापसून ठाव व्हतं तुला?"

"काल. वाटी."

"अन् मला सांगाया जीभ नव्हती?"

"सकाळी सांगणार होते."

"मंग?"

"तुम्ही चूल म्हणालात."

मावशी गल्लीकडे पाहतच म्हणाल्या, "शुगर हाय. पायापसून सुरू झालं. चप्पल निसटून मागं ऱ्हायची अन् म्या तशीच पुढं. लोकं हाका मारायची. लई हसायचे समदे. म्या बी हसायची." चिंधीची गाठ त्यांनी दातांनी ओढली. "हाताला येईल आसं वाटलं नव्हतं. आज दाबलं असतं म्या. पुरं जोर लावून दाबलं असतं."

मी म्हणायला हवं होतं की तुम्ही थांबला होतात, पाय ताठ आहे हे तुम्हालाही कळलं होतं. ते खरंही होतं. पण त्यानंतर त्यांचे खांदे पुढे झुकले होते, तेही मी पाहिलं होतं.

फोन दुपारी आला. मावशींच्याच फोनवर, आणि त्या नेहमी स्पीकर लावून बोलतात. काकूंचा आवाज रडून बसला होता. शिरेत गुठळी होती. दाखल करून घेतलं होतं, इंजेक्शनं सुरू झाली होती, वेळेवर आणलंत म्हणाले डॉक्टर. चोळलं असतं तर काय झालं असतं, तेही म्हणाले.

"मी सांगितलं त्यांना, आमच्या मावशींनी नुसत्या हाताने ओळखलं. केवढा हात आहे हो तुमचा! ऐका, आमच्या जावेच्या सुनेला पुढच्या महिन्यातली तारीख आहे. दुसरी कोणी नको म्हणतायत ते. तुम्हीच यायचं. मी शब्द दिलाय."

कौतुक ऐकूनही मावशींचा चेहरा खुलला नाही. त्या फोनकडे अशा बघत होत्या की जणू त्यातून कोणीतरी त्यांना पकडायला येतंय.

"मावशी? ऐकताय ना?"

त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. मला फोनवर बोलायला जमत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"काकू, मी बोलतेय," मी म्हणाले. "मावशी येतील. पण हात मी लावीन. त्या शेजारी बसून सांगतील."

"का बरं? त्यांना काही...?"

"त्यांच्या हाताला त्रास आहे. औषध सुरू करायचंय."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "बरं, विचारते मी त्यांना." पूर्वीचा आवाज आता राहिला नव्हता. फोन ठेवला गेला.

"मला इच्यारलंस?" मावशी म्हणाल्या.

"नाही."

"माझ्या कामाचं तू सांगती. म्या डोस्कं गोल केलं तुझं, अन् तू..." त्या उठल्या. दोन पायऱ्या उतरल्या, चप्पल पायात आहे का ते खाली वाकून पाहिलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता जातील. त्या परत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि दोन्ही हात माझ्या मांडीवर आदळल्यासारखे ठेवले.

"बघ. कुठवर गेलंय ते तरी बघ."

मी चिंधी नसलेला हात घेतला. करंगळीच्या टोकाला नखाने दाबलं.

"कळतंय?"

"नाय."

दुसऱ्या पेराशी. "इथे?"

"नाय. जोरात दाब की."

"जोरातच दाबलंय."

त्यांनी मान फिरवली. मी तळव्यावरून वर गेले. अंगठ्याचा उंचवटा. नाय. तळव्याचा मध्य. नाय, म्हणजे हाय कायतरी, मुंगीवानी. मनगटाच्या सुरकुतीपाशी त्यांनी एकदम श्वास घेतला.

"हां. इथं."

मी तिथेच तळवा ठेवला आणि थांबले. त्यांनीच शिकवलं होतं तसं, नुसतं थांबल्यासारखं नाही. गल्लीतलं पाणी गेलं होतं, मोटारी एकेक करून बंद होत होत्या. मावशींचा हात माझ्या हातात ताठ होता. तो बराच वेळ ताठच राहिला. मी तळवा काढला नाही.